धान्यात गोळी टाकण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी!

(मूठभर गहू कॅमेऱ्याजवळ धरून)

हा गहू बघा. स्वच्छ, टपोरा. यात सोंडे आहेत का? दिसत तर नाहीत. पण सोंड्याची मादी आपल्या सोंडेनं दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावून टाकते. अळी आतच जन्मते, आतलंच खाते, कोषातही आतच जाते. साधारण महिन्याभरानं दाणा फोडून सोंडा बाहेर येतो आणि आपण कपाळाला हात लावतो, "अहो, परवापर्यंत चांगला होता की गहू!" परवाही तो आत होताच.

ही एक गोष्ट डोक्यात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं आहे. वरून मारलेला फवारा, वरून चोळलेली पावडर दाण्याच्या आत पोहोचत नाही. औषध आपल्या पोटात जातं आणि अळी आत मजेत जेवते.

मग फवारा कशासाठी? जागेसाठी. नवीन धान्य भरण्याआधी रिकामी खोली झाडा. फटी, कोपरे, दाराची चौकट, सगळं. जुन्या धान्याचे चार दाणे फटीत राहिले तरी किडीचं घर झालं. खापरा भुंगेरा ही धान्यातलीच एक कीड, तिची अळी तर फटीत उपाशी, महिनोन्‌महिने, कधी काही वर्षंही तग धरते. झाडून झालं की मॅलॅथिऑन 50 ईसी, म्हणजे पाण्यात मिसळायचं द्रव कीटकनाशक, एका लिटर पाण्यात 10 मिली, आणि असं 3 लिटर द्रावण 100 चौरस मीटर भिंती-जमिनीवर. तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि पूर्ण वाळल्यावरच पोती आत. डबीवरचं लेबल वाचा, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. आणि हो, आज चुना मारला आणि उद्या मॅलॅथिऑन फवारलं, तर पैसे पाण्यात. चुन्यानं ते औषध लवकर निकामी होतं. आधी चुना मारून खोली चकाचक करायची ही आपली सवय, पण औषधाला ती मानवत नाही.

आता खरा विषय. गोळी.

गावात सल्फास म्हणतात, औषधाचं नाव ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या दमटपणानं तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून जवळपास 1 ग्रॅम. वायू दाण्याच्या आत शिरतो, म्हणून सरकारी गोदामात तीच वापरतात. पण तिथं कशी? पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री, कडेनं वाळूच्या पिशव्या दाबलेल्या, आठवडाभर कुणी फिरकायचं नाही आणि काम प्रशिक्षित माणसाचं. आपल्याकडं काय होतं? गोळी फडक्यात बांधून कोठीत, कोठी स्वयंपाकघरात, आणि शेजारच्या खोलीत लेकरं झोपलेली. हा वायू फटीतून, दाराखालून पलीकडच्या खोलीत जातो. त्याच्यावर उतारा नाही. दवाखान्यात डॉक्टर फक्त शरीराला आधार देऊ शकतात. सडक्या माशासारखा किंवा लसणासारखा वास आला, तर आधी माणसं बाहेर मोकळ्या हवेत काढा आणि दवाखाना गाठा. गोळीवर पाणी ओतू नका, वायू एकदम निघतो आणि पेटही घेऊ शकतो. वास नाही म्हणजे धोका नाही, असंही समजू नका.

म्हणूनच ही गोळी घरगुती वापरासाठी नाही. 10 आणि 20 गोळ्यांच्या नळ्यांवर तर भारतात पूर्ण बंदी आहे. कुणी कागदात बांधून चार गोळ्या देत असेल, तर त्या घेऊ नका. जुन्या लोकांना ईडीबी, म्हणजे एथिलीन डायब्रोमाइड या किडीच्या औषधाच्या काचेच्या कुप्या आठवत असतील, कोठीत फोडून टाकायच्या. त्यावरही बंदी आली.

शिवाय गोळी अर्धवट वापरली की आणखी एक घोळ. सैल झाकणाच्या पिंपातून वायू निसटतो, कच्चे किडे मरतात, चिवट उरतात आणि पिलावळ त्यांचीच वाढते. फॉस्फिनला दाद न देणारे, पिठात होणारे तांबडे भुंगेरे भारतात सापडलेले आहेत.

धान्याला बोरिक पावडर चोळावी का, असं बरेच जण विचारतात. कडधान्य आपण धुतो तरी, पण गहू बरेच जण न धुताच गिरणीत नेतात. चोळलेली पावडर सरळ पिठात. मला ते पटत नाही.

घरासाठी काय करायचं? मे महिन्यातलं ऊन. ताडपत्रीवर पातळ पसरा, सोंडे कडेला सावलीकडं पळताना दिसतील, ते झाडून टाका. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. आणि गरम धान्य लगेच भरू नका, गार होऊ द्या, नाहीतर आत घाम सुटतो. मग घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत काठोकाठ भरा. मूग, चवळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती कडधान्यातल्या भुंगेऱ्याची अंडी, बरेचदा शेतातूनच आलेली. अशा कडधान्याला किलोला चमचाभर खायचं तेल चोळा. तुरीची तर डाळच करून ठेवा, भरडलेल्या डाळीत हा भुंगेरा नीट वाढत नाही.

(गहू बरणीत ओतून, तोंडाला मलमलीचं फडकं बांधत)

हा गहू असाच ठेवतोय. ना औषध, ना ऊन. पाच आठवड्यांनी तुमच्यासमोरच उघडू.