त्या खाटेवरून उठलेली माणसं

नमस्कार, श्रोतेहो.

आज मला जीबीएस या आजाराबद्दल बोलायचं आहे. खरं तर आजाराबद्दल थोडं, आणि त्यातून उठलेल्या माणसांबद्दल जास्त. आजाराचं पूर्ण नाव गुइलेन-बॅरे सिंड्रोम. २०२५ साल उजाडेपर्यंत पुण्यात हे नाव डॉक्टरांखेरीज फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या भागांतून एकामागून एक रुग्ण येऊ लागले. बघता बघता आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि जीबीएस हा शब्द घरोघरी पोचला. पाणी उकळून प्या, अन्न नीट शिजवून खा, हे तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. पुढे साथ ओसरली, बातम्याही थांबल्या. ज्यांच्या हातापायांतली ताकद गेली होती, त्यांच्यातल्या कित्येकांचं दुखणं मात्र त्यानंतरही कितीतरी महिने चालूच होतं.

मी स्वतः या आजारातून उठलेली बाई आहे. माझं दुखणं त्या साथीच्या बरंच आधीचं. आता मी चालते, जिना चढते, स्वयंपाक करते. आम्ही माझ्यासारखे काहीजण एकमेकांना शोधत शोधत एकत्र आलो आणि या आजाराच्या रुग्णांना, त्यांच्या घरच्यांना भेटायला जातो. त्या भेटींमध्ये काय होतं आणि काय व्हायला नको, हे मला तुम्हाला सांगायचं आहे.

आधी आजार थोडक्यात सांगते. जंतुसंसर्ग झाला की आपली प्रतिकारशक्ती जंतूंवर तुटून पडते. जुलाब लावणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा एक जिवाणू आहे. पुण्याच्या साथीत रुग्णांच्या तपासणीत तो सापडला होता. त्याच्या आवरणातले काही घटक आपल्या नसांवरच्या घटकांसारखेच असतात, त्यामुळे काही थोड्या माणसांच्या शरीरात प्रतिकारशक्तीची गफलत होते आणि ती आपल्याच नसांवर हल्ला करते. पायांना मुंग्या येतात. जिना चढताना गुडघा दगा देतो. मग बसल्या जागेवरून उठवत नाही. अशक्तपणा वर सरकत हातांत, चेहऱ्यात, गिळण्यात आणि काहींच्या श्वासापर्यंत जातो. दोन ते चार आठवड्यांत आजार टोक गाठतो. चार-पाच रुग्णांमागे एकाला व्हेंटिलेटर लागतो.

आणि या सगळ्यात माणूस शुद्धीवर असतो. हात लुळे, चेहरा लुळा, गळ्यात नळी असल्यामुळे आवाज नाही, पापणी जेमतेम हलते, पण कान अगदी शाबूत असतात. खाटेशी उभं राहून नातेवाईक बोलत असतात. किती खर्च झाला, आता कुणाकडे हात पसरायचा, हे आता काही खरं दिसत नाही. ते सगळं त्याला ऐकू येत असतं. वॉर्डात गेल्यावर आमचं पहिलं काम बहुतेक वेळा हेच असतं. घरच्यांना हळूच बाहेर बोलावून सांगायचं, 'वहिनी, त्यांना सगळं कळतंय. हे बोलणं बाहेर करू या. आत गेल्यावर त्यांच्याशी बोला. आज वार कोणता, घरी काय चाललंय, पोराचा पेपर कसा गेला, हे सांगा.' हे ऐकून कितीतरी बायका तिथेच रडायला लागतात. नवऱ्याला काहीच कळत नाही असं त्या धरून चाललेल्या असतात.

हा आजार वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्यालाच होतो. मधुमेह झाला तर गल्लीत दहाजण सांगायला असतात. इथे रुग्णाने हा आजार झालेला दुसरा माणूस जन्मात पाहिलेला नसतो. नातेवाईकांनीही नाही. म्हातारी माणसं म्हणतात, लकवा मारला. लहान मूल असेल तर पोलिओची धास्ती पडते. त्यात आरोग्य खात्याची माणसं येऊन २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने मागतात, मग आईबापांचं धाबं दणाणतं. पोलिओवरच्या पाळतीचा तो ठरलेला नियम आहे. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले की नमुने घेतातच. पण हे त्यांना कुणीतरी शांतपणे सांगावं लागतं. कुणी तेल आणतं, कुणी अंगारा आणतं, कुणी पारव्याचं रक्त पायांना चोळा म्हणून सांगतं. डॉक्टर 'सुधारणा होईल' म्हणतात, पण रुग्णाला वाटतं, डॉक्टर काय, सगळ्यांनाच असं म्हणत असतील.

अशा वेळी त्याच आजारातून उठलेलं माणूस स्वतःच्या पायांनी चालत वॉर्डात आलं, तर रुग्णाची नजर आधी कुठे जाते माहीत आहे? आमच्या पायांकडे. आम्ही कसं उभं राहतो, कसं वळतो, खुर्ची कशी ओढतो, हे तो बघत राहतो.

हे काम काही आम्ही शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत पेन्सिल्वेनियात रॉबर्ट बेन्सन यांना हा आजार झाला होता. त्यातून बरे झाल्यावर, या दुखण्याला तोंड देणाऱ्या इतरांना आधार मिळावा म्हणून त्यांनी आणि त्यांच्या पत्नी एस्टेल यांनी १९८० मध्ये संस्था सुरू केली. आज तिचे स्वयंसेवक अनेक देशांत आहेत. त्यांच्यातले कितीतरी जण स्वतः रुग्ण होते किंवा रुग्णाच्या घरचे आहेत. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रक्तातला प्लाझ्मा बदलण्याचा उपचार या आजारात गुणकारी आहे, हे मोठ्या चाचणीतून १९८५ मध्ये सिद्ध झालं. इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं शिरेतून देण्याच्या उपचाराचं, १९९२ मध्ये. म्हणजे खात्रीचा उपचार हाती नव्हता तेव्हाही बरं झालेलं माणूस दुसऱ्याला भेटायला जात होतं. आज उपचार आहेत, म्हणून त्या भेटीची गरज कमी झालेली मला तरी दिसत नाही.

उलट उपचारांमुळे एक नवीनच घालमेल सुरू होते. इम्युनोग्लोब्युलिन साधारण पाच दिवस देतात. साठ किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम. औषध फार महाग आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हा आजार बसतो, तेव्हा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेसाठी मदत करायला बसलेल्या माणसाला, पहिल्याच दिवशी गाठा. तर पाच दिवस संपतात आणि सहाव्या दिवशी बायको आपली पायांच्या बोटांकडे बघत बसलेली असते. बोट हलत नाही. एवढी इंजेक्शनं वाया गेली का, असं तिला वाटतं. औषध नसांवरचा हल्ला आवरायला मदत करतं, नस दुरुस्त व्हायला तिचा तिला वेळ लागतो, हे डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, पण त्या गडबडीत ते कानांत शिरत नाही. नसेच्या फक्त आवरणाला इजा झाली असेल तर काही आठवड्यांत, महिन्यांत फरक दिसू लागतो. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि हिशोब करून बघा. मग कळतं की दोन-दोन, तीन-तीन वर्षं का लागतात आणि काही वेळा सगळं का भरून येत नाही. आम्ही डॉक्टरांनी सांगितलेलंच पुन्हा सांगतो, बाकावर शेजारी बसून, सावकाश. औषध कोणतं द्यावं, कोणतं नको, यावर आम्ही एक शब्द बोलत नाही. कुणी विचारलं तर 'डॉक्टरांना काय काय विचारायचं ते कागदावर लिहून काढू या' एवढंच म्हणतो.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाशी बोलायची एक युक्ती सांगते, कारण ती कुणालाही उपयोगी पडेल. पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही, एवढं बहुतेक ठिकाणी करतात. पण त्यात दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं देता येतात. आपली मुळाक्षरं किती सोयीची आहेत पाहा. पुठ्ठ्यावर ती ओळींनी मोठी लिहायची. क ची ओळ, च ची ओळ, ट ची ओळ, अशी एकेक ओळ वाचत जायची. रुग्ण पापणी मिटेल ती ओळ धरायची आणि मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून म्हणायची. काना-मात्रेच्या भानगडीत पडायचं नाही, अर्थ लागतो. एका वॉर्डात एक गृहस्थ दोन दिवस तळमळत होते. घरच्यांनी विचारून झालं, तहान लागली का, भीती वाटते का, मुलीला बोलवू का. सगळ्याला 'नाही'. पुठ्ठा धरला तेव्हा अक्षरं आली ट आणि च. टाच. तासन् तास गादीवर टेकून टाचा पेटल्यासारख्या दुखत होत्या. या आजारात वेदना फार असतात, नुसती चादर लागली तरी कळ येते, आणि लुळ्या अंगाला दुखत नसेल असं आजूबाजूच्यांना वाटतं. सिस्टरनी पोटरीखाली उशी दिली. पोटऱ्या टेकल्या, टाचा अधांतरी राहिल्या, आणि ते झोपले.

आता आमच्यातल्या एका नियमाबद्दल. नवीन स्वयंसेवकाला तो पाळणं सगळ्यात अवघड जातं. 'मी बरी झाले, तुम्हीही होणार' हे वाक्य आम्ही बोलत नाही. जिभेवर येतं, समोरच्याचे डोळे तेच मागत असतात, तरी बोलत नाही. बहुसंख्य लोक बरे होतात हे खरं आहे. पण सहा महिन्यांनंतरही साधारण पाचातल्या एकाला आधाराशिवाय चालता येत नाही, आणि चांगल्या अतिदक्षता विभागातही शंभरातले काही दगावतात. तुम्ही वचन देऊन घरी जाता. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याचं पाऊल उचलत नाही, तेव्हा तो म्हणतो, त्या ताई तर उठल्या, मग माझंच कुठे कमी पडलं? मी व्यायाम कमी केला का, माझ्यातच हिंमत नाही का? हा बोल त्याने स्वतःला लावून घ्यावा, एवढं मोठं पाप दुसरं नाही असं मला वाटतं. कुणाची नस किती बिघडली, हे मनोधैर्यावर ठरत नसतं.

मग 'मी चालेन का?' या प्रश्नाला काय म्हणायचं? आम्ही म्हणतो, 'तुमचं मला सांगता येणार नाही, दादा. माझं काय झालं ते सांगते.' आणि मग खरं खरं सांगतो. आधी खांदा हलला, पायाची बोटं सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा उभं केलं तेव्हा मी दोघींच्या अंगावर कोसळले. आजही संध्याकाळी तळपाय बधिर होतात. अर्धवट बरं झालेलं माणूसही भेटायला आलं पाहिजे, यावर माझा फार कटाक्ष आहे. आमच्यातले एकजण पायाला स्प्लिंट लावून, काठी घेऊन येतात. काठी घेऊनही माणूस दुकान चालवतो, मुलीचं लग्न करतो, हे रुग्णाला दिसायला हवं.

रुग्णालयातून घरी सोडतात तेव्हा पेढे वाटले जातात. माझ्या मते खरा कठीण काळ तिथून सुरू होतो. रुग्णालयात सिस्टर असतात, फिजिओ असतात. घरी खाली बसायचा संडास असतो, बसलं तर उठता येत नाही. पायातून चप्पल कधी निसटली ते कळत नाही. साडीच्या निऱ्या बोटांत धरवत नाहीत, शर्टाचं बटण लागत नाही, भाकरीचा तुकडा मोडत नाही. या गोष्टी डॉक्टरांना विचारायला माणूस संकोचतो. आम्हाला विचारतो, कारण आम्ही त्यातून गेलेलो असतो. संडासावर ठेवायची भोकाची खुर्ची घ्या, मागे पट्टा असलेली सँडल वापरा, गाऊन घालायला लाजू नका. आणि थकवा! अंग भरून येतं, चेहऱ्यावर तेज येतं, आणि आतून माणूस दहा पावलांत गळून जातो. हा थकवा काहींना वर्षानुवर्षं पुरतो. सासू म्हणते, आता तर ठणठणीत दिसतेस, मग दुपारी आडवी का होतेस? अशा घरी आम्ही मुद्दाम जातो. सुनेशी नंतर बोलतो, आधी सासूबाईंशी.

या कामाची किंमत स्वयंसेवकालाही मोजावी लागते. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की माझ्या छातीत अजून धस्स होतं. काही रुग्ण जातात, आणि त्यांच्या बायकोचा फोन आपल्यालाच येतो. म्हणून आम्ही एकेकटे जात नाही. भेटीनंतर कुठेतरी चहाला बसून एकमेकांशी बोलतो. ज्याला रात्री झोप लागली नाही, त्याने पुढची भेट घ्यायची नाही.

ऐकणाऱ्यांमध्ये कुणी या आजारातून उठलेलं असेल, तर माझी तुम्हाला विनंती आहे. ज्या डॉक्टरांनी, ज्या फिजिओंनी तुम्हाला उभं केलं त्यांना सांगून ठेवा की असा रुग्ण आला आणि त्याची इच्छा असली, तर मी भेटायला तयार आहे. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्याकडे आपला नंबर द्या. रुग्णाने हो म्हटल्याशिवाय जाऊ नका, त्याचं नाव-गाव बाहेर कुठे बोलू नका. सर्दी-खोकला असेल तर अजिबात जाऊ नका. आणि रुग्णालयांनाही माझं सांगणं आहे. कुणाच्या ओळखीने, नशिबाने असं माणूस भेटलं तर भेटलं, असं हे राहू नये. निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यातच 'यातून गेलेल्या कुणाशी बोलायचं आहे का?' एवढं घरच्यांना विचारायची पद्धत पडावी.

पहिल्या भेटीला काही नेऊ नका, शहाळंही नको, बहुतेकांना तोंडाने काही देतच नाहीत. सिस्टरना विचारून, हात धुऊन आत जा. त्यांना दिसाल अशा बाजूला उभे राहा, कारण त्यांना मान वळवता येत नाही. आपलं नाव सांगा, आपल्याला हाच आजार झाला होता हे सांगा. पाच मिनिटांत निघा, आणि पुन्हा कधी येणार तो वार सांगून निघा. सांगितलेल्या वारी मात्र नक्की जा.

नमस्कार.