रक्तातला एक पिकोग्रॅम कसा मोजतात?

कोविडच्या दुसऱ्या लाटेत बऱ्याच घरांमध्ये एका रिपोर्टची धास्ती होती: आयएल-६. बहुतेक रिपोर्टांवर ‘७ पर्यंत नॉर्मल’ असं छापलेलं असायचं, आणि पुढे बारीक अक्षरात पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. आकडा सगळ्यांनी पाहिला, त्या बारीक अक्षरांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आज आपण त्यांच्याबद्दलच बोलू.

पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक. आयएल-६ हे सायटोकाइन आहे, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचे निरोप नेणारं प्रथिन. एक पिकोग्रॅम आयएल-६ म्हणजे जवळजवळ ३ कोटी रेणू. भरपूर वाटतात ना? पण रक्तद्रवाच्या त्याच एका मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन हे दुसरं प्रथिन असतं साधारण ४० मिलिग्रॅम. वजनाने ४० अब्ज पट! त्या गर्दीतून नेमके हेच रेणू शोधायचे.

[स्क्रीनवर: ९६ वेल (छोटे कप) असलेली प्लेट, जवळून]

यासाठी रोजच्या वापरातली पद्धत म्हणजे एलायझा. १९७१ साली स्टॉकहोममध्ये एवा एंग्वाल आणि पीटर पर्लमान यांनी ती मांडली. नेदरलँड्समध्येही त्याच सुमारास दुसरा गट स्वतंत्रपणे तिथे पोचला होता. सायटोकाइनसाठी वापरतात तो सँडविच प्रकार. प्लेटवरच्या प्रत्येक छोट्या कपाला ‘वेल’ म्हणतात. वेलच्या तळाला एक अँटिबॉडी, म्हणजे ठराविक रेणूच पकडणारं प्रथिन, चिकटवलेली असते, ती सायटोकाइन पकडते. वरून दुसरी अँटिबॉडी येऊन त्याच रेणूला दुसऱ्या बाजूने धरते, आणि तिच्याशी एन्झाइम जोडलेलं असतं. मग टीएमबी नावाचं रसायन घालायचं, एन्झाइममुळे वेल निळी होते. आम्ल घातलं की तोच रंग पिवळा होतो, आणि तो किती गडद आहे हे रीडर नावाचं यंत्र ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात वाचतं.

आता या वेल बघा, अगदी कडेच्या. यांच्यात नमुना घातलेलाच नाही, या ब्लँक. तरीही रीडर इथे शून्य दाखवत नाही. थोडी अँटिबॉडी प्लॅस्टिकला चिकटते, थोडं एन्झाइम धुऊनही मागे राहतं. आणि हा मागे राहिलेला रंग प्रत्येक ब्लँकमध्ये थोडा वेगळा असतो. कमीत कमी किती ओळखता येईल, हे यावरूनच ठरतं: ब्लँकची सरासरी, अधिक स्टँडर्ड डेव्हिएशनची, म्हणजे ब्लँकमधल्या चढउताराच्या मापाची, तिप्पट. त्याच्या खालचं काहीही ‘आहे’ असं म्हणता येत नाही. म्हणून नुसता रंग गडद करून भागत नाही. रंग वाढवला की ब्लँकही तेवढीच रंगते.

मग रंग मोजायचाच कशाला, रेणूच मोजले तर? अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात डेव्हिड वॉल्ट यांच्या गटाने तेच केलं. २०१० साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत सिमोआ नावाने ओळखली जाते. जेमतेम अडीच-तीन मायक्रोमीटरच्या चुंबकीय मण्यांवर सँडविच करायचं, आणि एकेक मणी इवल्याशा खळग्यात बसवायचा. टाकीत चिमूटभर हळद पडली तर कळत नाही, वाटीत पडली की पाणी लगेच पिवळं होतं. तसंच इथे. खळग्यात एन्झाइमचा एकच रेणू असला तरी तो खळगा उजळतो. मग उजळलेले खळगे सरळ मोजायचे.

पण यंत्र कितीही भारी असलं तरी पकडणारी अँटिबॉडीच असते, आणि याचं माझं सर्वात आवडतं उदाहरण म्हणजे इंटरफेरॉन अल्फा, पेशींना विषाणूपासून वाचवणारं सायटोकाइन. इंटरफेरॉनचा शोध लागला १९५७ मध्ये, लंडनला. पण रक्तात अल्फा इतका कमी असतो, की कित्येक वर्षं तो आडवळणानेच मोजला जायचा: पेशींवर रुग्णाचं सीरम घालायचं, मग विषाणू सोडायचा, आणि किती पेशी वाचल्या ते पाहायचं. एपीएस-१ नावाच्या एका दुर्मिळ आजारात शरीर स्वतःच्याच इंटरफेरॉन अल्फाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, आणि त्यांची पकड विलक्षण घट्ट असते. पॅरिसमधल्या संशोधकांनी त्या रुग्णांकडून मिळालेल्या अँटिबॉडीच सिमोआत वापरल्या. २०१७ च्या त्यांच्या शोधनिबंधात मोजमाप थेट फेम्टोग्रॅमवर गेलं, म्हणजे पिकोग्रॅमच्या हजाराव्या भागावर. ल्युपससारख्या आजारात इंटरफेरॉन किती आहे, हे आता प्रथिन मोजूनच सांगता येऊ लागलं. स्वतःच्या आजाराने हैराण झालेल्या माणसांच्या रक्तातून दुसऱ्या रुग्णांसाठी हे साधन मिळालं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

लॅबमध्ये काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. रक्त काढून नळी टेबलावर तासन्‌तास ठेवू नका; पेशी जिवंत असतात, आयएल-८ सारखी सायटोकाइन्स त्या नळीतही सोडत राहतात. आणि मर्यादेखालच्या नमुन्यासमोर एक्सेलमध्ये शून्य टाकू नका, ‘मर्यादेपेक्षा कमी’ असंच लिहा आणि मर्यादा किती तेही लिहा. ती मर्यादा काढताना दोनऐवजी आठ ब्लँक लावा. दोन वेलवरून काढलेल्या स्टँडर्ड डेव्हिएशनवर भरवसा ठेवता येत नाही. नमुन्यांच्या सहा जागा जातील, तर जाऊ द्या.