सात गोळ्या आणि एक हट्टी चाप

श्रोतेहो, नमस्कार. आज तुम्हाला खरं तर एक आवाज ऐकवायचा होता, पण स्टुडिओत बंदूक आणायला कोण परवानगी देणार? तेव्हा शब्दांवरच भागवू. कुठल्याही रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने मागे ओढला की चक्र फिरल्याची एक टिकटिक ऐकू येते. नागान रिव्हॉल्व्हरमध्ये त्या टिकटिकीपाठोपाठ आणखी काहीतरी जड, पेटीच्या कडीसारखं बसल्याचं जाणवतं. कारण तिथे चक्र नुसतं फिरत नाही, ते पुढेही सरकतं.

रिव्हॉल्व्हरचं एक जुनं दुखणं आहे. काडतुसांचं चक्र वेगळं, नळी वेगळी, आणि चक्राला फिरायचं तर दोघांमध्ये केसभर फट हवीच. बार उडाला की त्या फटीतून तापलेला वायू बाजूला फुत्कारतो. (म्हणूनच चक्राच्या पुढच्या कडेजवळ बोट ठेवू नका, हे रेंजवर पहिल्याच दिवशी बजावतात.) बेल्जियममधल्या लिएजचे बंदूककार लेओं नागान यांनी ही फट बुजवली. घोडा मागे गेला की चक्र पुढे येऊन नळीला भिडतं. शिवाय काडतूसही खास, ७.६२ मिलिमीटरचं: गोळी पितळी नळकांड्याच्या आत पूर्ण बुडालेली आणि नळकांड्याचं तोंड गोळीच्याही पुढे आलेलं. ते तोंड नळीत शिरतं, बार होताच फुगतं, आणि फट बंद!

रशियाच्या लष्कराने हे रिव्हॉल्व्हर १८९५ साली स्वीकारलं आणि पुढे रशियातल्याच ‘तुला’ नावाच्या शहरातल्या कारखान्यात ते बनू लागलं. क्रांती झाली, झार गेला, शिक्का बदलला, पण रिव्हॉल्व्हर बनतच राहिलं, थेट दुसऱ्या महायुद्धापर्यंत. वीस लाखांहून जास्त बनली. रशियन बोलीत तर कुठल्याही रिव्हॉल्व्हरला सरसकट ‘नागान’ म्हणू लागले.

मी चालवलं ते माझ्या एका संग्राहक मित्राचं, १९१५ सालचं. गोळ्या घालण्याआधी त्याने ते जाणकार बंदूक-कारागिराकडून तपासून घेतलं होतं. शंभर वर्षांच्या यंत्रावर तेवढं केल्याशिवाय विश्वास टाकू नये. कानाला मफ, डोळ्यांना चष्मा, नळी टार्गेटकडे आणि बोट चापाबाहेर. उजव्या बाजूची छोटी झडप उघडायची आणि एकेक काडतूस आत सरकवायचं. सात वेळा. घाईच्या माणसाचं हे काम नव्हे.

पहिली गोळी मी मुद्दाम घोडा न ओढता, नुसता चाप दाबून मारायची ठरवली. श्रोतेहो, मी दाबतोय, दाबतोय, आणि काही होतच नाही! मला वाटलं, काहीतरी अडकलं. मित्र मागून शांतपणे म्हणाला, “अजून दाब.” त्या एका बोटाने घोडा उचलायचा, चक्र फिरवायचं, ते पुढे ढकलायचं आणि काडतुसाला मागून टेकू देणारी पाचरही वर आणायची. सात-आठ किलोची पिशवी एका बोटावर उचलल्यासारखं वाटतं. शेवटी बार उडाला तेव्हा नळी कुठे बघत होती, देव जाणे. टार्गेटच्या कागदावर तरी त्याची खूण नव्हती.

झारच्या काळात शिपायांसाठी वेगळा नमुना होता. त्यात नुसत्या चापाने बार निघतच नसे, दर वेळी घोडा अंगठ्याने ओढावा लागे. चापाने चालणारा नमुना अधिकाऱ्यांसाठी. माझं प्रामाणिक मत: शिपाई भाग्यवान! घोडा ओढून मारलेल्या पुढच्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. धक्का अगदी सौम्य, कारण गोळी जेमतेम सात ग्रॅमची.

सातव्या गोळीला पुन्हा चाप दाबून पाहिला. या वेळी कागद तरी फाटला.

मग खरी कसरत, रिकामी नळकांडी काढण्याची. नळीखाली लपलेली दांडी फिरवून बाहेर ओढायची, बाजूला वळवायची आणि एकेक नळकांडं मागे ढकलायचं. तोंडं फुगलेली, त्यामुळे एक-दोन अडून बसतातच. तोवर शेजारच्या पिस्तूलवाल्याची दोन मॅगझिनं संपलेली असतात.

एवढ्या खटाटोपातून मिळालं काय? गोळीच्या वेगात थोडीशी वाढ. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय! पण एक फायदा मात्र अनपेक्षित निघाला. फटीतून वायू निसटत नसल्यामुळे या रिव्हॉल्व्हरला आवाज दाबणारी नळी लागू पडते, जी साध्या रिव्हॉल्व्हरवर जवळजवळ निरुपयोगी ठरते. सोव्हिएत सैन्यात तशी नळी खरोखरच वापरली गेली.

जाता जाता कामाचं. जवळपासच्या मापाची दुसरी काडतुसं यात बसतात म्हणून काही जण घालतात. नळकांडी फुगतात, कधी चिरतात, आणि फट बुजवण्याची सगळी करामतही वाया जाते. आणि जुन्या लष्करी साठ्यातली काडतुसं वापरलीत, तर त्याच दिवशी नळी साफ करा. त्यांच्या बुडाशी बार पेटवणारी जी टोपी असते, तिच्यातल्या रसायनाचा क्षार नळीत उरतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि गंज धरतो. नुसत्या तेलाने तो जात नाही, त्याला पाणीच लागतं. मित्राने किटलीतलं कढत पाणी नळीतून ओतलं, तेव्हा खालून काळं पाणी आलं. दुसऱ्या किटलीला राखाडी. तिसऱ्या किटलीनंतर त्याने चिंधी फिरवली, तेल लावलं आणि नळी उजेडाकडे धरून माझ्या हातात दिली.