लूप थांबतो कधी?

(ठाण्यातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘समीकरणाची मुळं आणि इंटिग्रेशन: प्रोग्रॅमसह’. दोन्ही घेणार आहे. पण समोर इतके शिक्षक बसलेत, तेव्हा आधी एक तक्रार मांडतो.

समीकरणाचं मूळ म्हणजे ते खरं ठरवणारी एक्सची किंमत. एका अंदाजावरून पुढचा अंदाज काढत तिच्याकडे जाणारी न्यूटन-रॅफसन पद्धत, तिचा प्रोग्रॅम प्रत्येक जर्नलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, असतो. सूत्र बरोबर, आउटपुट बरोबर, खाली सही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मी एवढंच विचारतो, ‘हा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा हा भाग, थांबतो कधी?’ उत्तर येतं, ‘सर, उत्तर आल्यावर.’ अरे, पण उत्तर आलं हे त्याला कळणार कसं? मुलांना मी दोष देत नाही. मार्क सूत्राला असतात, थांबण्याच्या अटीला नसतात. मग ती अट शिकवणार कोण आणि शिकणार कोण?

मग मी समीकरण देतो: एक्सचा घन, वजा दोन एक्स, अधिक दोन, बरोबर शून्य. सुरुवात ० पासून. पुढची किंमत १. तिच्या पुढची? पुन्हा ०. जर्नलमधला तो प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा, शून्य-एक, शून्य-एक करत राहील. मूळ नाही असं नाही. ते उणे १.७७ च्या आसपास आहे. फेऱ्यांना कमाल मर्यादा घालणारी एक ओळ हवी होती, आणि तीच कुणी लिहून घेतलेली नसते.

न्यूटनची पद्धत वाईट आहे असं मात्र समजू नका. २ चं वर्गमूळ काढा, १ पासून निघा: ३/२, १७/१२, ५७७/४०८. हा तिसरा अपूर्णांक म्हणजे बौधायन शुल्बसूत्रातली, म्हणजे वेदी रचण्याच्या भूमितीवरच्या प्राचीन ग्रंथातली किंमत, तंतोतंत! मला आजही हे पाहून आनंद होतो.

तरीही पहिल्या तासाला द्विभाजन शिकवा, म्हणजे आपलं बायसेक्शन. फलन, म्हणजे समीकरणाची डावी बाजू, सलग असेल आणि दोन टोकांना चिन्हं विरुद्ध असतील, तर मूळ मध्ये आहेच. मधोमध तोडून चिन्ह बदलतं तो अर्धा भाग ठेवायचा, की दर फेरीला अंतर निम्मं होतं. १ लांबीचं अंतर २० फेऱ्यांत दहा लाखांश भागाच्याही आत येतं. किती फेऱ्या लागणार हे सुरू करण्याआधीच ठाऊक! मुलाच्या हातात आधी ही खात्री द्या, वेग नंतर.

चिठ्ठी आलीय, वेळ संपत आलाय. इंटिग्रेशन, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ काढणं, भरभर घेतो.

सर्व्हे केलेल्यांना ऑफसेट, म्हणजे मुख्य रेषेपासून काटकोनात मोजलेली अंतरं, माहीत आहेत. तलावपाळीला उभं राहून मासुंदा तलावाची रुंदी समान अंतरांवर मोजली, की त्याच्या पट्ट्या पडतात आणि क्षेत्रफळ ट्रॅपेझॉयडल नियमानं (पट्टीची कड सरळ धरून) किंवा सिम्पसनच्या नियमानं (कड वक्र धरून) निघतं. सिम्पसनला पट्ट्या सम संख्येत लागतात. ० ते १ मध्ये ४/(१+x²) घ्या, उत्तर पाय यायला हवं. चारच पट्ट्यांत ट्रॅपेझॉयडल ३.१३१२ देतो, सिम्पसन ३.१४१६.

इथेही प्रश्न तोच. पट्ट्या दुप्पट करा, दोन्ही उत्तरं ताडून पाहा, फरक पुरेसा लहान झाला की थांबा. गुळगुळीत फलनाला दुपटीनं ट्रॅपेझॉयडलची चूक साधारण चौथाई होते, सिम्पसनची सोळावा हिस्सा. जुन्या किमती फेकू नका, फक्त नवे मधले बिंदू काढा. नव्या ट्रॅपेझॉयडलची चौपट, वजा जुना, भागिले तीन: झाला सिम्पसन, वेगळं फंक्शन नको.

आणि x मध्ये h, म्हणजे पट्टीची रुंदी, मिळवत ‘x बरोबर १ होईपर्यंत’ असा लूप कधीही लिहू नका. ०.१ दहा वेळा मिळवला तर संगणकात ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. पूर्णांक i मोजा, x म्हणजे a (सुरुवातीचं टोक) अधिक i गुणिले h. प्रश्न असतील तर बाहेर व्हरांड्यात थांबतो, विचारा.