नाव काय होतं त्याचं?

नमस्कार श्रोतेहो.

परवा २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तुम्ही पुण्यातल्या ख्रिस्ती कबरस्तानात आला असतात, तर पाय ठेवायला जागा मिळाली नसती. सर्व मृतांचा दिवस तो. आदल्या रविवारीच लोक खुरपं आणि बादली घेऊन येतात, गवत काढतात, फरशी घासतात, क्रुसाला चुना देतात. मग त्या संध्याकाळी झेंडू, शेवंती आणि मेणबत्त्या. वारा असतोच. आपली मेणबत्ती विझली की शेजारच्या कबरीवरून पेटवून घ्यायची, त्यांची विझली की त्यांनी आपल्याकडून. ओळख नसली तरी चालतं.

आज मला मरणाविषयी बोलायचं आहे, आणि त्याच्या जोडीला टीव्हीवरच्या विज्ञानमालिकांविषयी. दोन्ही माझ्या जिव्हाळ्याचे विषय, आणि एकाच माणसामुळे ते माझ्या मनात एकत्र आले. त्या माणसाकडे येतेच आहे.

आमच्याकडे मरण लपवून ठेवत नाहीत. उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, पाळक कपाळावर राखेचा क्रूस काढतात आणि म्हणतात, ‘तू माती आहेस आणि मातीला परत जाशील.’ म्हाताऱ्यांना म्हणतात तसंच कडेवरच्या लेकरालाही म्हणतात. मग ती राख घेऊनच माणूस कामाला जातो. बसमध्ये दरवर्षी कोणीतरी मायेनं सांगतंच, ‘ताई, कपाळाला काहीतरी लागलंय.’

विज्ञानमालिकांत मात्र मातीला जायला कोणी तयार नसतं. ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश मालिका घ्या. १९६६ मध्ये तिचे मुख्य नट विल्यम हार्टनेल प्रकृतीमुळे थांबले, तेव्हा ते करत असलेल्या ‘डॉक्टर’ या पात्राला नवा चेहरा, नवा देह देण्यात आला. ती सोय आजही चालू आहे. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’मध्ये सायलॉन, म्हणजे माणसासारखा दिसणारा यंत्रमानव, मेला की त्याच्या सगळ्या आठवणी दूरच्या जहाजावर तयार ठेवलेल्या दुसऱ्या देहात उतरतात. आणि २०१८ सालच्या ‘ऑल्टर्ड कार्बन’मध्ये तर प्रत्येकाच्या मानेत एक चकती असते. सारा माणूस त्या चकतीत. देह म्हणजे नुसता अंगरखा, फाटला की बदलायचा.

पण याच मालिकेत काही कॅथलिक माणसं आहेत, ती म्हणतात, आम्हाला परत उठवू नका. तशी नोंदच करून ठेवतात. आणि खुनी त्याचा फायदा घेतात, कारण ही माणसं साक्ष द्यायला उठणार नाहीत हे त्यांना माहीत असतं. तिथली एक पोलीस अधिकारी बाई आपल्या मेलेल्या आजीला एका रात्रीपुरती परत आणते, अंगभर गोंदवलेल्या एका गुन्हेगाराच्या देहात. आणि दिवस कोणता, तर मृतांचा दिवस. आपलाच, नोव्हेंबरातला. आजी घरच्या टेबलाशी येऊन बसते. मी तो भाग पाहिला आणि टीव्ही बंद करून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. कारण माझीही एक आजी होती.

आजी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. आम्ही राहायचो गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनच्या चर्चच्या घंटा घरात ऐकू येतील इतक्या जवळ. पंचहौद म्हटलं की पुणेकरांना आठवतो तो १८९० साली मिशनमध्ये घेतलेला चहा. लोकमान्य टिळक, रानडे आणि त्यावरून उठलेला प्रायश्चित्ताचा वाद. शाळेत मलाही तेवढंच शिकवलं. पण तिथे एक वेगळा उभा घंटामनोरा आहे, त्यात आठ घंटा आहेत, आणि त्याच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या मराठीतून प्रार्थना करणारी माणसं राहत आली आहेत, त्यांची चौकशी कोणी करत नाही. ‘तुम्ही घरी मराठी बोलता?’ हे मला अजून विचारलं जातं. रेव्हरंड टिळकांच्या कविता पाठ करून जे गाव मोठं झालं, त्या गावाला हा प्रश्न पडावा, याचं मला खरंच वाईट वाटतं. असो. आजीकडे येते.

आजीच्या पवित्र शास्त्राला शेवटी काही कोरी पानं होती. त्यांवर शिसपेन्सिलीनं नावं लिहिलेली. तिच्या हातावर जे जे रुग्ण गेले त्यांची. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे एकाखाली एक, आणि पुढे फक्त साल. दर २ नोव्हेंबरला ती ही यादी कबरस्तानात उभी राहून हळू आवाजात वाचायची. मी एकदा शाळेत मैत्रिणींना सांगितलं, तर रागावली. म्हणाली, ‘ही यादी देवापुढे वाचायची असते, लोकांपुढे नाही.’

आणखी एक. मेलेल्या माणसाला अंघोळ घालताना ती त्याच्याशी बोलायची, नाव घेऊन. ‘आता हात वर घेते हं. आता कुशीवर वळवते.’ नवीन आलेल्या मुली घाबरायच्या. ती त्यांना म्हणायची, ‘काल याच माणसाला सांगितल्याशिवाय सुई टोचत नव्हतीस ना? मग आज का नाही सांगायचं?’

तर ही आमची आजी, आणि ऐंशीच्या दशकातली रविवारची सकाळ. दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळजहाजाची अमेरिकन मालिका लागायची. मी अकरा वर्षांची. वाड्यात टीव्ही एकच, शटरचा, काळापांढरा, आणि तो आमच्याकडे. पहिली उपासना उरकून आम्ही जवळजवळ पळतच घरी यायचो, तोवर शेजारची मुलं सतरंजीवर बसलेली असायची. आजी मागे खुर्चीवर लसूण सोलत. इंग्रजी तिला दवाखान्यापुरतं येई, पण गोष्ट बरोबर कळायची.

जहाजावरची माणसं चमचमत विरघळतात आणि खालच्या ग्रहावर पुन्हा उभी राहतात, हे तुम्ही पाहिलं असेल. आम्हा मुलांचा तो सगळ्यात आवडता क्षण. आजीनं पहिल्यांदा पाहिलं आणि विचारलं, ‘शेजारच्या अंगणातली रांगोळी पुसली आणि आपल्या अंगणात ठिपक्याला ठिपका तशीच काढली, तर ती तीच रांगोळी का गं?’ मला उत्तर आलं नाही. पुढे अशा खूप मालिका पाहिल्या, या यंत्रावर लोकांनी किती लिहिलंय तेही वाचलं. सगळे शेवटी आजीच्या रांगोळीपाशीच येऊन थांबतात.

मग तो रविवार आला. कप्तान, त्याचे दोन सोबती आणि एक तरुण शिपाई एका ग्रहावर उतरले. चार पावलं गेले नाहीत तोच तो शिपाई मेला. कप्तान खाली वाकला, उठला, आणि गोष्ट पुढे गेली. आम्ही मुलंही पुढे गेलो. मागून आवाज आला, ‘नाव काय होतं त्याचं?’

कोणी बोललं नाही.

‘अगं, तो पोरगा गेला ना आत्ता. नाव काय होतं त्याचं?’

मी म्हटलं, ‘आजी, तो असाच एक होता.’ तिचा हात थांबला. ‘असाच एक कोणी नसतो,’ ती म्हणाली. मग जरा वेळानं, ‘त्याच्या आईला कोण कळवणार?’

भाग संपला. मी बटण बंद करायला उठले, तर म्हणाली, ‘थांब. आता नावं येतील, त्यात असेल.’ खुर्ची पुढे ओढून, चष्मा लावून, ती पडद्याला नाक लावून बसली. इंग्रजी नावं भराभर आली आणि गेली. तिला काही सापडलं नाही. माझ्याही हाती लागलं नाही. तिनं लसूण आत नेऊन ठेवला, हात धुतले, शास्त्र काढलं आणि शेवटच्या पानावर लिहिलं, ‘जहाजावरचा पोरगा.’

त्या मालिकेत असे शिपाई लाल सदऱ्यात असायचे, आणि इतके मरायचे की तिकडे मरण्यापुरत्या आलेल्या पात्राला ‘लाल सदरेवाला’ म्हणायची रीतच पडली. आमच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर तो लाल कधी दिसलाच नाही. कित्येक वर्षांनी रंगीत पाहिलं तेव्हा कळलं, आणि पहिला विचार आला तो हाच, की आजीला सांगायला हवं होतं, तिनं ‘लाल सदरा’ एवढं तरी लिहिलं असतं. शेवटची नावं मी आजही सोडत नाही. हल्ली दोन नावं येत नाहीत तोच पुढचा भाग आपोआप सुरू होतो, ते मला अगदी सहन होत नाही. जेवलेल्या घरच्या बाईला न सांगता उठून जावं तसं वाटतं.

याच ‘स्टार ट्रेक’चा एक भाग १९६८ च्या मार्चमधला. एका ग्रहावर रोमन साम्राज्य विसाव्या शतकापर्यंत टिकलेलं आहे, आणि तिथे छळ सोसणारे काही लोक आहेत, सगळ्यांना वाटतं ते सूर्याची पूजा करतात. इंग्रजीत सूर्यही ‘सन’ आणि पुत्रही ‘सन’. शेवटी कोणाला उलगडतं, तर जहाजावरच्या संदेश ऐकणाऱ्या उहुराला. ती त्या ग्रहावरचं प्रसारण ऐकत बसलेली असते. आकाशातला सूर्य नव्हे, देवाचा पुत्र. कान देऊन ऐकणारीला ते कळलं, म्हणून रेडिओवर बोलणाऱ्या मला तो भाग फार जवळचा वाटतो.

आता मला मनापासून जे वाटतं ते. चकतीतून उठणारा माणूस आणि आम्ही ज्याला पुनरुत्थान म्हणतो ते, या दोन गोष्टी लोक एकच समजतात. एक नाहीत. चकतीत आठवणी साठवायच्या असतात, आपणच, आपल्या खर्चानं. चकती फुटली की संपलं. आमचा विश्वास आहे तो आठवण ठेवणाऱ्यावर. योहानाच्या शुभवर्तमानात लाजर मरतो, चार दिवस होतात. येशू कबरीपाशी येतो आणि आधी रडतो. त्याला उठवणार आहे हे माहीत असून रडतो. मग हाक मारतो, ‘लाजरा, बाहेर ये.’ नावानं. पुढे ईस्टरच्या पहाटे मरीया मग्दालीया बागेत उभी असते, समोर प्रभू उभा आहे आणि ती त्याला माळी समजते. चेहऱ्यावरून ओळख पटत नाही. तो एकच शब्द बोलतो, ‘मरीये.’ तेव्हा पटते. आजीनं हे मला असं बसवून कधी शिकवलं नाही. ती फक्त विचारायची, नाव काय होतं त्याचं?

मी विशीत असताना आजी शेवटची आजारी पडली. एका मोठ्या इस्पितळात ठेवलं होतं. तिथे ती ‘चौदा नंबर’ झाली. चौदा नंबरचं जेवण, चौदा नंबरचं सलाईन, चौदा नंबरचे नातेवाईक. आजी मात्र दोन दिवसांत वॉर्डातल्या सगळ्या मावशींना नावानं हाक मारू लागली. समोरच्या खाटेवरच्या बाई एका रात्री गेल्या, तर सकाळी माझ्याकडे शास्त्र मागितलं आणि थरथरत्या हातानं त्यांचं नाव लिहिलं.

ती गेली पहाटे. अर्ध्या तासात खिडकीवरच्या माणसानं माझ्या वडिलांना विचारलं, ‘बॉडी कधी नेताय?’ हा शब्द तुम्हीही ऐकला असेल. रात्री माणूस असतो, सकाळी बॉडी. तो माणूस वाईट नव्हता, कामाचा शब्द त्याचा. पण वडील मटकन बाकावर बसले. म्हणाले, ‘माझी आई आहे ती.’

घरी आणलं. मी आणि आत्या अंघोळ घालायला बसलो. मला हात लावायची भीती वाटत होती. आत्यानं कोमट पाण्यात टॉवेल पिळला आणि म्हणाली, ‘आई, आता तोंड पुसते हं. पाणी गरम नाही ना?’ मग माझ्याकडे पाहिलं. मी हात हातात घेतला आणि म्हटलं, ‘आजी, हात वर घेते हं.’ आणि भीती गेली. दुपारी पेटी खाली सोडली. एकेकानं मूठमूठ माती घातली.

यादी माझ्याकडे आली. समोरच्या खाटेवरच्या बाईंच्या खाली मी आजीचं नाव लिहिलं. ते इथे सांगत नाही, यादी लोकांपुढे वाचायची नसते. परवा संध्याकाळी वाचली. जहाजावरच्या पोरापाशी आले, तेव्हा शेजारच्या कबरीवरचे एक वयस्क गृहस्थ आपली विझलेली मेणबत्ती पेटवून घ्यायला वाकले होते. ते तसेच थांबले, डोक्यावरची टोपी काढली, आणि माझं वाचून होईपर्यंत मेणबत्ती हातात धरून उभे राहिले.