वालधुनी: गेटाच्या आतलं पाणी

(दृश्य: काकोळे, जीआयपी तलाव. सकाळ.)

वालधुनी नदीची सुरुवात इथली, अंबरनाथजवळ. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं, म्हणून ब्रिटिशांच्या काळातल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं हा तलाव बांधला. अंबरनाथच्या 'रेल नीर' कारखान्याला पाणी इथूनच जातं. फलाटावर बाटली घेऊन आपण पितो ते हेच पाणी.

(दृश्य: अंबरनाथचं शिवमंदिर, शेजारी नदी.)

1060 सालचं शिलाहारांचं मंदिर. तलावापासून फार लांब नाही, पण इथं नदी दिसायच्या आधी तिचा वास येतो. पुढं उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण. घरांचं सांडपाणी आणि केमिकलचं पाणी एकाच पात्रात.

2014 च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात टँकरमधलं रसायन वालधुनीत सोडलं गेलं. काठावरच्या वस्तीत शेकडो माणसांना श्वास घेता येईना. झोपेतून उठून लोक दवाखान्यात धावले.

(दृश्य: सीईटीपी. फेसाळणारी टाकी.)

सीईटीपी म्हणजे अनेक कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणारं केंद्र. तिथं राबतात ते जिवाणू. हवा खेळवलेल्या टाकीत ते पाण्यातली सेंद्रिय घाण खातात. एखाद्यानं तीव्र आम्ल तसंच सोडून दिलं, की ते मरतात. टाकी पुन्हा जिवंत व्हायला आठवडेही लागतात, आणि तोवर नियमानं वागणाऱ्या कारखान्यांचं पाणीही अर्धवट शुद्ध होऊन बाहेर पडतं. क्षार आणि जड धातू तर जिवाणू खातच नाहीत. सगळं एकदा मिसळलं की वेगळं करणं महाग, कित्येकदा अशक्य.

म्हणून आम्ही ठामपणे म्हणतो, काम कारखान्याच्या गेटाच्या आत व्हायला हवं. दाट टाकाऊ पाण्याचा नळ वेगळा, धुण्याच्या पाण्याचा वेगळा. आम्ल तिथंच उदासीन करायचं, म्हणजे त्याची तीव्रता मारायची. सॉल्व्हंट, म्हणजे रसायनं विरघळवणारा द्रव, वाफ करून आणि ती थंड करून परत मिळवायचा, पुन्हा वापरायचा. नाल्यात जातो तो मालकाचाच पैसा. 22 फेब्रुवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं बजावलंय: प्राथमिक प्रक्रिया यंत्रणा चालू नसेल, तर कारखानाही चालणार नाही.

(दृश्य: रात्र. औद्योगिक वसाहतीतून निघालेला टँकर.)

घातक कचरा नेणाऱ्या गाडीबरोबर नोंदपत्र हवं, असा नियम आहे. माल कुठं भरला, कुठं उतरणार, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ते नोंदपत्र रात्री दोन वाजताही कुणीतरी रस्त्यावर उभं राहून मागायला हवं.