पाखाडी कोण उतरवणार?

श्रोतेहो, नमस्कार.

वयाची 75 वर्षं पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट 2022पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. 65 ते 75 वयाच्यांना अर्धं तिकीट. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तिकीट नाय पडत, बरा झाला. पन पाखाडी कोन उतरवनार?”

आपली घरं उतारावर, गाडीरस्ता खाली, मधे जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. आषाढात तिच्यावर शेवाळ धरतं. तीन वर्षांपूर्वी आई तिथेच घसरली, थांबा पन्नास पावलांवर असताना. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण पुन्हा पाखाडीवर पाय ठेवायचा धीर यायला सहा महिने गेले. तेवढ्या काळात डोळे तपासायचे राहिले, बाजार राहिला, शिमग्याला माहेरची पालखीही राहिली. तिला याचंच जास्त दुःख होतं.

मग वाडीतल्या पोरांनी चिरे खरवडले, ब्लिचिंग पावडर टाकली, एका बाजूने लोखंडी पाइपाचा कठडा बसवला आणि मध्यावर टेकायला कट्टा बांधला. शेवाळ पुन्हा येतंच, म्हणून पावसाळ्यात खरवडणं चालूच ठेवावं लागतं.

व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी आईकडून पाठ करून घेतलं: चढताना धड पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. एसटीची पहिली पायरी उंच, तिथेही हेच. पिशवी आधी दुसऱ्याकडे द्यावी आणि दांडी घट्ट धरावी. काठीच्या टोकाचं रबरी बूच झिजलं असेल तर आजच बदला. ओल्या चिऱ्यावर तशी काठी आधार देत नाही, उलट पाडते.

चालक-वाहक बंधूंनो, गाडी थांब्याला लागून उभी करा, गटारापलीकडे नको. म्हातारं माणूस सीटवर टेकल्याशिवाय डबल बेल देऊ नका, एवढं माझं कळकळीचं मागणं आहे.

आणि मुंबई-गोवा महामार्गालगत राहणाऱ्यांनो, मोतीबिंदूच्या डोळ्यांवर दिव्यांची तिरीप आली की गाडी किती लांब आहे ते कळत नाही. काळोख पडल्यावर आजी-आजोबांना एकट्याने रस्ता ओलांडू देऊ नका.

परवा आई माझा हात न धरता, कठड्याच्या आधाराने कट्ट्यापर्यंत उतरली. खालून गाडीचा हॉर्न आला. मी पुढे धावलो, तर मागून हाक, “थांबव तिला, येतंय मी!”